मोजण्याची किंमत

टॉवरपासून लांब, रेंजच्या अगदी काठावर असलेला एखादा साधा जीएसएम फोन घ्या. त्याच्या अँटेनावर त्याच्या वाटणीचा जो सिग्नल पोहोचतो, त्याची शक्ती असते एका पिकोवॅटच्या आठव्या हिश्शाएवढी. वॅटचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागाचा आठवा हिस्सा. त्याच क्षणी, जेमतेम तीन मेगाहर्ट्झ पलीकडे, दुसऱ्या कुणासाठी निघालेला सिग्नल त्याच अँटेनावर पाच मायक्रोवॅटनं आदळत असू शकतो. दोन्हींत फरक चार कोटी पटींचा. जीएसएमच्या मानकानं ही परिस्थिती फोनच्या परीक्षेतच घातली आहे. शेजारी एवढा दांडगा असतानाही आपल्या वाटणीचं बोलणं नीट ऐकू आलं, तर फोन पास.

ते ऐकू येणं फोनच्या आत शेवटी आकड्यांवर ठरतं. हवेतली लहर सलग असते आणि प्रोसेसरला सलग असं काही कळत नाही. त्याला शून्य आणि एक लागतात. लहरीचं व्होल्टेज ठराविक वेळानं मोजून त्याचा आकडा करून देणारा जो परिपथ मध्ये बसलेला असतो, तो अॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर. सगळे त्याला एडीसीच म्हणतात, मीही इथून पुढे तेच म्हणेन. हे पुस्तक त्याच्याबद्दल आहे, आणि त्यातही बॅटरीवर चालणाऱ्या, खिशात मावणाऱ्या, बिनतारी उपकरणांतल्या एडीसीबद्दल.

आता त्या चार कोटी पटींचं करायचं काय? वाटा दोन आहेत. एक म्हणजे शेजाऱ्याचा सिग्नल फिल्टरनं आधीच गाळून टाकायचा आणि उरलेलं थोडक्या बिटांत मोजायचं. मग सहा-सात बिटही पुरतात. दुसरी वाट अशी की काहीच न गाळता सगळं आत घ्यायचं. दांडगा सिग्नल मावेल एवढं माप मोठं ठेवायचं, आणि तळाशी असलेला आपला इवलासा सिग्नल हरवू नये म्हणून त्या मापावरच्या खुणा इतक्या बारीक करायच्या की १४ बिटांच्या आसपास जावं लागतं. गाळण्याचं काम मग प्रोसेसर आकड्यांतच उरकतो. पहिल्या वाटेत फिल्टर वीज खातो आणि चिपवर जागा अडवतो. दुसऱ्या वाटेत एडीसी खातो. बॅटरी एकच.

रेडिओचा भाग आखणारा आणि एडीसी आखणारा यांच्यात या मुद्द्यावर जी ओढाताण चालते, तिथेच हा विषय खरा राहतो असं मला वाटतं. आपल्या अभ्यासक्रमातली पुस्तकं नेमकी तीच टाळतात. त्यांत एडीसीचे प्रकार ओळीनं येतात, प्रत्येकाची आकृती, चार फायदे, चार तोटे, आणि विद्यार्थ्याचा समज होतो की कमी वीज खाणारा एडीसी हे कुठल्या तरी हुशार आकृतीचं नाव आहे. आकृतीचा भाग आहेच, त्यावर पुढे बरंच लिहिलं आहे. पण बॅटरीचं भवितव्य बहुतेक वेळा आकृती काढायच्या आधीच ठरून गेलेलं असतं; किती बारकाईनं मोजायचं, हे ज्या बैठकीत ठरलं त्या बैठकीत.

बारकाईला पैसे का पडतात, हे एकदा नीट पाहून ठेवलं की उरलेलं पुस्तक सोपं जाईल.

मोजण्याआधी एडीसीला व्होल्टेज क्षणभर धरून ठेवावं लागतं. त्यासाठी एक स्विच आणि एक कॅपॅसिटर असतो. स्विच उघडला की त्या क्षणीचं व्होल्टेज कॅपॅसिटरवर अडकतं. पण स्विचला स्वतःचा रोध असतो, रोधातले इलेक्ट्रॉन उष्णतेनं सतत थरथरत असतात, आणि स्विच उघडताना त्या थरथरीचा एक तुकडाही सिग्नलबरोबर कॅपॅसिटरवर अडकून बसतो. गंमत अशी की हा नॉइज किती, ते स्विचच्या रोधावर अवलंबून नाही. फक्त तापमानावर आणि कॅपॅसिटरवर आहे. खोलीच्या तापमानाला एक पिकोफॅराडच्या कॅपॅसिटरवर तो ६४ मायक्रोव्होल्ट भरतो. आता एक व्होल्टचं माप १२ बिटांत, म्हणजे ४०९६ पायऱ्यांत वाटा. एक पायरी २४४ मायक्रोव्होल्टची झाली. आकडा जवळच्या पायरीवर नेताना जी चूक होते, ती वर्गमध्यमूळ काढलं तर ७० मायक्रोव्होल्ट. म्हणजे १२ बिटांसाठी एक पिकोफॅराड घेतला तर उष्णतेचा नॉइज आणि पायरीची चूक जवळजवळ तोडीस तोड होतात. याहून लहान कॅपॅसिटर घेतला तर शेवटचा बिट नावापुरता उरतो. १४ बिट हवे असतील तर पायरी चौथ्या हिश्शावर येते, नॉइजही चौथ्या हिश्शावर आणावा लागतो, आणि त्यासाठी कॅपॅसिटर १६ पट लागतो. एवढा कॅपॅसिटर दर सॅम्पलला भरायचा तर ऊर्जाही १६ पट. एका बिटामागे चौपट, असा हा दर आहे. कुठल्याही कंपनीला, कुठल्याही कारखान्याला त्यात घासाघीस करता आलेली नाही.

उष्णतेच्या या नॉइजची मोजमापं जॉन जॉन्सननं बेल लॅबोरेटरीजमधून १९२८ मध्ये प्रसिद्ध केली आणि त्यामागचं गणित हॅरी नायक्विस्टनं मांडलं. सेकंदाला किमान किती सॅम्पल घ्यायचे या नियमाला ज्याचं नाव चिकटलं आहे, तो नायक्विस्ट हाच. एडीसीवाल्यांच्या दोन्ही पायांतल्या बेड्यांवर एकाच माणसाची सही आहे.

ट्रान्झिस्टर लहान होत गेले की सगळंच स्वस्त होत जातं, असा एक सर्वसाधारण विश्वास आहे. डिजिटल परिपथांपुरता तो खरा ठरला. तिथे व्होल्टेज अर्ध्यावर आणलं की ऊर्जा पाव होते, आणि पाच व्होल्टवरून एक व्होल्टच्या आसपास उतरताना प्रोसेसरांनी या हिशेबावर चंगळ केली. अॅनालॉगवाल्यांना तीच उतरण जड गेली. सिग्नलला मिळणारी जागा अर्धी झाली, उष्णतेचा नॉइज मात्र होता तेवढाच राहिला. तो अर्धा करायचा तर कॅपॅसिटर चौपट हवा, आणि चौपट कॅपॅसिटर अर्ध्या व्होल्टेजला भरायला ऊर्जा पूर्वीएवढीच. म्हणजे कमाई शून्य. शिवाय ट्रान्झिस्टरचं थ्रेशोल्ड व्होल्टेज त्या प्रमाणात खाली आणता आलं नाही, कारण आणलं की बंद ट्रान्झिस्टरमधूनही गळती सुरू होते. त्यामुळे एक व्होल्टच्या चिपवर जुन्या पद्धतीचा चांगला अॅम्प्लिफायर बांधायला ट्रान्झिस्टर एकावर एक रचण्यापुरतीही जागा उरेना. पुढची सगळी कहाणी या अडचणीतून वाट काढण्याची आहे.

सुरुवातीला बॅटरीचा प्रश्नच नव्हता. अॅलेक रीव्हज हा इंग्रज अभियंता पॅरिसमध्ये काम करत होता. बोलणं आकड्यांत रूपांतरित करून पाठवायच्या कल्पनेचं पेटंट त्यानं १९३८ मध्ये फ्रान्समध्ये नोंदवलं, तेव्हा ती कल्पना परवडेल असे सुटे भागच जगात नव्हते. १९५४ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड गॉर्डनच्या एप्स्को कंपनीनं डेट्रॅक नावाचा एडीसी विकायला काढला. ११ बिट, सेकंदाला ५०,००० सॅम्पल, सगळा कारभार व्हॅक्यूम ट्यूबांचा, वजन ६८ किलोच्या आसपास, वीज जवळजवळ ५०० वॅट. गाडीच्या रिमोटमध्ये बसते ती सीआर२०३२ जातीची गोल सेल घ्या. तिच्यात साधारण २,४०० ज्यूल ऊर्जा असते. ती सगळी एकदम ओतता आली असती, तरी डेट्रॅक पाच सेकंदही चालला नसता. आणि हीच सेल वर्षभर पुरवायची, तर अख्ख्या उपकरणाला मिळून सरासरी ७७ मायक्रोवॅट खर्चता येतात.

डेट्रॅक ज्या तत्त्वावर चालत होता, तेच आज बहुतेक कमी विजेच्या एडीसीत आहे. सक्सेसिव्ह अॅप्रॉक्झिमेशन रजिस्टर हे त्याचं पूर्ण नाव, पण प्रयोगशाळेत कुणी ते घेत नाही, 'सार' म्हणतात. वाण्याच्या तराजूवर वजन होतं तसंच त्याचं काम. एका पारड्यात माल, दुसऱ्यात आधी सगळ्यात मोठं वजन. जास्त झालं तर उचला, कमी पडलं तर राहू द्या, मग त्याच्या निम्मं टाका. ५१२, २५६, १२८ असं करत १ पर्यंत आलात की दहा खेपांत १०२४ पायऱ्यांपैकी नेमकी पायरी सापडते. हेच काम एका दमात करायचं तर फ्लॅश एडीसीला १०२३ कंपॅरेटर एकाच वेळी जागे ठेवावे लागतात. सारला एक पुरतो, फक्त तो दहा वेळा विचारावा लागतो.

बर्कलीला जेम्स मॅकक्रीरी आणि पॉल ग्रे यांनी १९७५ मध्ये या तत्त्वाला जे रूप दिलं, ते माझ्या मते या विषयातलं सगळ्यात देखणं काम. त्यांच्या मांडणीत वजनं म्हणजे कॅपॅसिटर, एकमेकांच्या दुपटीतले. सॅम्पल धरून ठेवणाराही तोच कॅपॅसिटरांचा संच आणि वजनं टाकणाराही तोच. एका बाजूला सॅम्पलचा विद्युतभार अडकवून ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूचे स्विच एकेक करून फिरवायचे. भार या कॅपॅसिटरवरून त्या कॅपॅसिटरवर सरकतो आणि कंपॅरेटर फक्त सांगतो, जास्त की कमी. सतत प्रवाह पिणारा अॅम्प्लिफायर यात कुठेच नाही. रोधांची साखळी नाही. स्विच, कॅपॅसिटर, एक कंपॅरेटर आणि थोडं डिजिटल तर्कशास्त्र. यांतली जवळजवळ प्रत्येक वस्तू ट्रान्झिस्टर लहान झाले की सुधारते. १९७५ मध्ये हे कुणाच्या फारसं लक्षात यायचं कारण नव्हतं.

म्हणूनच पुढची वीस-पंचवीस वर्षं रेडिओच्या वेगाला सार पुरा पडणार नाही असं धरून चाललं गेलं. दहा खेपा एकामागून एक करायच्या तर वेळ लागणारच. १९९० च्या दशकात बिनतारी उपकरणांसाठी पाइपलाइन एडीसीचं राज्य होतं. त्यात एकेक टप्पा एक-दोन बिट ठरवतो, उरलेली बाकी दुप्पट करून पुढच्या टप्प्याकडे ढकलतो आणि स्वतः पुढचा सॅम्पल घेतो. वेग उत्तम. पण ती बाकी नेमकी दुप्पट करायला प्रत्येक टप्प्यात अॅम्प्लिफायर लागतो, आणि तो अचूक हवा तर त्याला प्रवाह सतत पाजत राहावं लागतं. १९९५ मध्ये बर्कलीच्याच थॉमस चो आणि ग्रे यांनी १० बिटांचा, सेकंदाला २ कोटी सॅम्पल घेणारा पाइपलाइन एडीसी ३५ मिलिवॅटमध्ये बसवला, तेव्हा तो काटकसरीचा नमुना म्हणून गौरवला गेला, आणि होताच तो तसा. दर सॅम्पलला पावणेदोन नॅनोज्यूल.

पंधरा वर्षांनी, २०१० मध्ये, तैवानच्या नॅशनल चेंग कुंग विद्यापीठातल्या चमूनं १० बिटांचा, सेकंदाला ५ कोटी सॅम्पल घेणारा सार एडीसी प्रसिद्ध केला. वीज ०.८२६ मिलिवॅट, म्हणजे सॅम्पलमागे साडेसोळा पिकोज्यूल. शंभर पटींहून अधिक बचत. मधल्या काळात ट्रान्झिस्टर लहान झाले हे तर खरंच, पण त्या निबंधातली जी कल्पना मला विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा दाखवावीशी वाटते, ती अगदी साधी आहे. वर सांगितलेल्या पद्धतीत वजन आधी टाकायचं आणि जास्त झालं तर उचलायचं. कॅपॅसिटरांच्या बाबतीत टाकणं म्हणजे बॅटरीतून भार घेणं, आणि उचलणं म्हणजे तो जमिनीत सोडून देणं. प्रत्येक चुकलेल्या अंदाजाला बॅटरीनं दोनदा पैसे भरले. या मंडळींनी क्रम उलटा केला: आधी तुलना करायची, मग उत्तर येईल त्या बाजूचाच स्विच फिरवायचा, आणि तोही एकाच दिशेनं. एकदा फिरवलेला स्विच त्या सॅम्पलपुरता मागे घ्यायचाच नाही. तेवढ्यानं स्विच फिरवण्यात जाणारी ऊर्जा सरासरी ८१ टक्क्यांनी घटली, आणि वर एकूण कॅपॅसिटरही निम्मे झाले. त्याआधी एमआयटीत ब्रायन गिन्सबर्ग आणि अनंत चंद्रकासन यांनी सगळ्यात मोठा कॅपॅसिटर फोडून हीच उधळपट्टी थांबवायचा एक वेगळा मार्ग काढला होता. वेगाची अडचण सोडवली ती बर्कलीच्या माइक चेन आणि रॉबर्ट ब्रॉडरसन यांनी २००६ मध्ये. बाहेरच्या घड्याळाच्या ठोक्याची वाट न बघता कंपॅरेटरचा एक निर्णय लागला की त्यानंच पुढच्या निर्णयाला हाक द्यायची, असा तो असिंक्रोनस सार. सोपे निर्णय पटकन उरकतात, अवघड निर्णयांना त्यांचा वेळ मिळतो.

आणि २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातून आलेला एडीसी: १० बिट, सेकंदाला १० लाख सॅम्पल, वीज १.९ मायक्रोवॅट. आपली ती गोल सेल त्याला हिशेबानं चाळीस वर्षं पुरेल. त्याच्या कितीतरी आधी सेल नुसती ठेवून ठेवूनच संपलेली असेल. त्यातला कंपॅरेटर निर्णय देण्यापुरता जागा होतो आणि लगेच झोपतो. पुढे आइंटहोवनच्या संशोधकांनी कमी ऊर्जेच्या रेडिओंसाठी ८ बिटांचा, सेकंदाला १ कोटी सॅम्पल घेणारा सार २६ मायक्रोवॅटमध्ये बसवला. त्यातला सगळ्यात लहान कॅपॅसिटर अर्ध्या फेमटोफॅराडचा, वरच्या उदाहरणातल्या एक पिकोफॅराडचा दोन हजारावा हिस्सा. आठ-दहा बिटांपर्यंत उष्णतेचा नॉइज आडवा येत नाही. आडवं येतं ते एवढाल्या चिमुकल्या कॅपॅसिटरांचं एकमेकांशी नेमक्या दुपटीचं नातं टिकवणं. ते कारखान्यात साधलं नाही तर चूक मोजून ठेवायची आणि आकड्यांत दुरुस्त करायची. अचूकता सिलिकॉनकडून विकत घेण्याऐवजी प्रोसेसरकडून घ्यायची, कारण तिथे ती स्वस्त आहे. पुस्तकाचं सहावं प्रकरण पूर्ण याच विषयाला दिलं आहे.

इथे एक तक्रार नोंदवून ठेवतो. एडीसींची तुलना करायला रॉबर्ट वॉल्डननं १९९९ च्या आपल्या आढाव्यातून एक निकष रूढ केला: वीज भागिले सेकंदाचे सॅम्पल, भागिले पायऱ्यांची खरी उपयोगी संख्या. उत्तर फेमटोज्यूलमध्ये येतं, आणि जितकं कमी तितकं चांगलं. सोयीचं आहे, मीही वापरतो. पण हा निकष एका बिटामागे दुप्पट ऊर्जा रास्त धरतो, आणि निसर्ग तर चौपट घेतो. त्यामुळे आठ-दहा बिटांचे एडीसी त्यात चमकतात आणि १४ बिटांचा प्रामाणिक एडीसी उगीचच खर्चिक दिसतो. रिचर्ड श्रायरच्या नावानं ओळखला जाणारा निकष ही चौपट मान्य करतो, म्हणून जास्त बिटांच्या बाबतीत तोच पाहावा. बोरिस मुरमन यांनी १९९७ पासूनच्या प्रमुख परिषदांमधले एडीसी एका तक्त्यात जमवून तो सर्वांना खुला ठेवला आहे. तो दोन्ही निकषांनी मांडून पाहिला तर कुठल्या भागात प्रगती भौतिकशास्त्रानं अडवली आहे आणि कुठे नुसती आपली कारागिरी कमी पडते आहे, ते लख्ख दिसतं.

दुसरी तक्रार अधिक गंभीर. निबंधात छापलेल्या विजेत काय काय धरलं आहे, हे तळटिपेत वाचावं लागतं. सार एडीसी ज्या रेफरन्स व्होल्टेजशी तुलना करतो, त्याच्यातून तो प्रत्येक बिटाला झटका देऊन भार ओढतो, आणि तो झटका काही नॅनोसेकंदांत शमला पाहिजे. शमवणारा बफर एडीसीच्या दुप्पट-तिप्पट वीज खाऊ शकतो. एडीसीच्या तोंडाशी असलेला कॅपॅसिटर भरणारा ड्रायव्हर तसाच, स्वच्छ घड्याळ पुरवणारा परिपथ तसाच. १०० मेगाहर्ट्झच्या सिग्नलचा सॅम्पल घेताना घड्याळ एका पिकोसेकंदानं जरी अडखळलं तरी सिग्नल आणि नॉइज यांचं गुणोत्तर ६४ डेसिबलच्या वर नेता येत नाही, मग एडीसी कितीही बिटांचा असो. हे सगळे खर्च चिपबाहेर ढकलून आपला आकडा सुंदर करणं नियमाबाहेरचं नाही. उपकरण बांधणाऱ्याच्या बॅटरीला मात्र ही विभागणी माहीत नसते.

डेल्टा-सिग्मा पद्धत ही या पुस्तकातली दुसरी मोठी शाखा. तिच्यावर इथे थोडक्यातच लिहितो, कारण गणिताशिवाय ती सांगण्यात मजा नाही. तोक्योच्या इनोसे, यासुदा आणि मुराकामी यांनी १९६२ मध्ये तिची मांडणी केली. सिग्नलला लागतो त्याहून कितीतरी वेगानं, पण अगदी जाड पायऱ्यांनी मोजायचं, प्रत्येक वेळची चूक पुढच्या मापात वळती करायची, आणि अशा रीतीनं ती चूक उच्च फ्रिक्वेन्सीकडे ढकलून मग आकड्यांतच गाळून टाकायची. सेकंड-ऑर्डर रचनेत वेग दुप्पट केला की अडीच बिट पदरात पडतात. फोनच्या रिसीव्हरांत ही पद्धत एवढी रुळली त्यामागे एक खास कारण आहे. तिच्या कंटिन्युअस-टाइम रूपात सॅम्पल घेण्याआधीच सिग्नल लूपच्या फिल्टरमधून गेलेला असतो, म्हणजे अॅलियासिंगविरुद्धचा फिल्टर वेगळा लावावा लागत नाही. रेडिओवाला आणि एडीसीवाला यांच्या भांडणात अर्धी तडजोड तिथेच झालेली असते. या विषयावरचं आजचं प्रमाण पुस्तक लिहिणाऱ्यांत आयआयटी मद्रासचे शांती पवन आहेत, आणि ज्यांना खोलात जायचं आहे त्यांनी हे पुस्तक बाजूला ठेवून थेट तिकडे वळायला माझी हरकत नाही. अलीकडे सार आणि डेल्टा-सिग्मा यांची सोयरीकही झाली आहे. मिशिगन विद्यापीठातून २०१२ मध्ये आलेल्या नॉइज-शेपिंग सारपासून ती वाट रुंदावत चालली आहे.

फिल्टर, मिक्सर, सगळं काढून टाकून एडीसी सरळ अँटेनाला जोडायचा आणि बाकी रेडिओ प्रोग्रॅम म्हणून लिहायचा, हे स्वप्न जोसेफ मिटोला यांनी १९९० च्या दशकात सॉफ्टवेअर रेडिओ या नावानं मांडलं. मोहक आहे. हिशेब करून पाहू. सेकंदाला ५०० कोटी सॅम्पल, १२ उपयोगी बिट, आणि वॉल्डनच्या निकषावर १०० फेमटोज्यूल असा बरा एडीसी धरला, तर एकट्या एडीसीला दोन वॅट. फोनच्या बॅटरीत साधारण १५ वॅट-तास असतात. म्हणजे पडदा न लावता, कुणाशी न बोलता, सात-साडेसात तासांत फोन मेला. टॉवरवरच्या बेस स्टेशनला वीजवाहिनी जोडलेली असते, तिथे हे स्वप्न बऱ्याच अंशी उतरलं आहे. खिशात ते उतरायला अजून वेळ आहे, आणि वरच्या एका बिटामागे चौपटीच्या दराकडे पाहिलं तर पूर्ण कधी उतरेल याची मला शंका आहे.

याच्या उलट टोकाची उपकरणं पाहा. छातीवर चिकटवायची ईसीजीची पट्टी सेकंदाला २५० ते ५०० सॅम्पल घेते. एवढ्या वेगाला कुठलाही बरा सार एडीसी नॅनोवॅटांत भागवतो. तोच सॅम्पल ब्लूटूथवरून पाठवायचा तर एका बिटामागे साधारण १० ते २० नॅनोज्यूल लागतात. एक सॅम्पल पाठवण्याच्या खर्चात एडीसी हजारो सॅम्पल मोजून देईल. अशा ठिकाणी एडीसीची वीज आणखी निम्मी करण्यात उमेद घालवणारे प्रकल्प-अहवाल मी भरपूर वाचले आहेत. तिथे बचत करायची ती पाठवायच्या बिटांत, किंवा मग उपकरण झोपलेलं असताना होणाऱ्या गळतीत. मिनिटातून एकदा जागं होणाऱ्या सेन्सरच्या बाबतीत बॅटरी संपवते ती झोप. कमी विजेचा एडीसी हवा आहे का, या प्रश्नाचं उत्तर कधी कधी 'नाही' असतं, आणि ते देता येण्याइतका हिशेब वाचकाच्या हाती यावा अशी माझी इच्छा आहे.

पुस्तक पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांतल्या विद्यार्थ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. बारावीचं गणित आणि ट्रान्झिस्टरची तोंडओळख गृहीत धरली आहे. लाप्लास, फुरिए जिथे लागतात तिथे आधी दोन पानं त्यांच्यावर खर्च केली आहेत. मराठीतून लिहिताना बिट, सॅम्पल, कंपॅरेटर, नॉइज हे शब्द प्रयोगशाळेत बोलतात तसेच ठेवले.

एक गोष्ट आजच्या विद्यार्थ्याच्या बाजूनं आहे. चिपचं डिझाइन करायचं म्हणजे लाखोंची सॉफ्टवेअरं आणि कारखान्याशी गुप्ततेचा करार, ही अट आता अगदी पहिल्या पायरीवर तरी राहिलेली नाही. २०२० मध्ये गूगल आणि स्कायवॉटर यांनी १३० नॅनोमीटर प्रक्रियेचा संपूर्ण डिझाइन किट खुला केला. सिम्युलेशनला एनजीस्पाइस फुकट आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पानं त्याच एनजीस्पाइसवर ईसिम हे साधन बांधलं आहे, आणि ते साध्या लॅपटॉपवर चालतं. १३० नॅनोमीटरमध्ये जागतिक विक्रम होणार नाहीत, पण या पुस्तकातला प्रत्येक परिपथ त्यात बसतो. प्रकरणांच्या शेवटी दिलेल्या नेटलिस्ट मी त्याच किटवर तपासल्या आहेत.

वाचायचा क्रम माझाच असावा असा आग्रह नाही. रेडिओच्या बाजूनं येणाऱ्यांनी दुसरं प्रकरण आधी घ्यावं, चिपच्या बाजूनं येणाऱ्यांनी चौथं. तिसऱ्या प्रकरणातला पहिला प्रयोग मात्र दोघांनीही हातानं करून पाहावा. स्विच आणि कॅपॅसिटरचा नॉइज एनजीस्पाइसमध्ये मोजायचा, मग स्विचचा रोध दहापट करून पुन्हा मोजायचा. आकडा जागचा हलत नाही. स्विचच्या रोधातून आलेला नॉइज रोध वाढवूनही का वाढत नाही, हे पुढच्या पानावर लिहिलेलं आहे. पान उलटण्याआधी वहीत स्वतःचं उत्तर मांडून ठेवावं.